आधी तुम्ही माझा काढा

सगळं नगर त्याला डॉक्टर म्हणायचं. तो डॉक्टर नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. गावोगाव सायकलवर हिंडून पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची, ही त्याची सरकारी नोकरी. पण खेड्यात सुई हातात धरणारा प्रत्येक माणूस डॉक्टरच, आणि तिथलं नाव त्याच्या मागोमाग नगरात आलं. तोंडावर मीही डॉक्टरच म्हणायचो. काय करणार, गिऱ्हाईक होतं माझं!

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, माडीवर, माझा फोटोचा स्टुडिओ होता. लढाईची वर्षं ती. कॅम्पातली शिपाई पोरं रवाना व्हायच्या आधी घरी पाठवायला फोटो काढून घ्यायची, जिन्यात रांग लागायची. माझ्याकडे उत्तरेच्या उजेडाची मोठी काच होती, तळ्याचा आणि पायऱ्यांचा रंगवलेला पडदा होता, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायला काळा कोट होता. फोटो निघाला की निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून मी सुरकुत्या घालवायचो, देवीचे वण घालवायचो. लोक म्हणायचे, तुमच्या हातात जादू आहे. आणि ते खरंच होतं.

आणि ह्या माणसाकडे काय होतं? एक खोका. काळा, चौकोनी, कडेचं कातडं सुटलेला, कुठल्याशा साहेबानं विलायतेला परत जाताना टाकून दिलेला. आठ फोटोंचा रोल त्यात बसायचा. सायकलच्या एका मुठीला लशीची पेटी, दुसऱ्या मुठीला कापडी पिशवीत हा खोका, डोक्यावर सरकारी टोपडं, खाली खाकी अर्धी विजार, अशा थाटात तो आज पारनेर तर उद्या जामखेड करत हिंडायचा. आणि त्या भिकार खोक्यातून असे फोटो घेऊन यायचा की माझ्या पोटात दुखायचं. आत्ता सांगतानासुद्धा दुखतंय, लपवत नाही.

बरं, फिल्म धुवायला त्याला शिकवली कोणी? मीच! माझीच अक्कल शेण खायला गेली होती. फोटो पक्का करायचं औषध, हायपो, घ्यायला आला, चार गोड शब्द बोलला आणि मी त्याला अंधारखोलीत नेऊन सगळं दाखवून बसलो. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून तिला थाळीत कसे झोके द्यायचे, ते माझ्यापाशी शिकला आणि आठवड्याभरात स्वतःच्या न्हाणीघरात दुकान मांडलं. कंदिलाला पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला, दाराच्या फटीत बायकोची जुनी लुगडी कोंबलेली, आणि माझ्याकडच्यासारख्या चिनी मातीच्या बश्यांऐवजी इनॅमलच्या जेवायच्या थाळ्या.

आता फिल्म धुवायचं औषध गार असावं लागतं. नगरचा वैशाख म्हणजे नळाला आलेलं पाणी चहाला चालावं असा. पाणी कोमट झालं की फिल्मवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून हातात येतो. मी त्यासाठी बर्फ आणवायचो. ह्यानं घरातला माठच फिल्मच्या नावावर करून टाकला. त्याची बायको, आमच्या वहिनी, मला जिन्यात गाठून म्हणायच्या, "भावजी, ह्यांना कसला हो नाद लावून दिलात? घरातली माणसं कळशीतलं ऊन पाणी पितात, आणि माठातलं गार पाणी कुणाला, तर फिल्मला!"

वेळ मोजायला घड्याळ नाही. त्याचं घड्याळ म्हणजे पाढे. फिल्म औषधात सोडली की न्हाणीतून पावकी सुरू व्हायची, मग निमकी, मग पाऊणकी. उन्हाळ्यात सवायकीला फिल्म बाहेर, थंडीत थेट अडीचकीपर्यंत जायचा. शेजारच्यांना वाटायचं, काय हा बाप, न्हाणीत कोंडून पोरांकडून पाढे घोकून घेतोय. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, एखादं घड्याळ घ्या की." तर म्हणाला, "घड्याळाला काय कळतंय आज हवा कशी आहे ते? जिभेला कळतं. उकडत असलं की पाढे आपोआप भरभर होतात." असला शहाणपणा ऐकून हसावं की रडावं? पण त्याच्या निगेटिव्ह माझ्यापेक्षा स्वच्छ निघायच्या. मी भिंगाखाली धरून पाहिल्यात. एक डाग सापडेल तर शपथ!

ह्या सगळ्याहून मला चीड यायची ती त्याच्या एका खोडीची. खेड्यात देवी टोचणारा आला की बाया पोरं लपवायच्या. कुणी कणगीत, कुणी गोठ्यात गव्हाणीखाली. हा शोधून काढून टोचायचा, पोर टाहो फोडायचं, आई ह्याच्या सात पिढ्या उद्धरायची. सगळं आटोपलं की हा पारावर बसून पाणी मागायचा, पिशवीतून खोका काढायचा आणि जिनं सगळ्यांत जास्त शिव्या घातल्या असतील तिच्याच हातात द्यायचा. "आधी तुम्ही माझा काढा. मी तुमच्या पोराला टोचलं, आता तुम्ही मला टोचा." मग तिला शिकवायचा. ऊन पाठीशी घ्या, खोका पोटाशी घट्ट धरा, ह्या भिंगात खाली बघा, मी दिसलो की श्वास रोखा आणि हा खटका दाबा.

दिवस कसले, तर मुंबईच्या व्यापाऱ्याचे पाय धरावे तेव्हा एखादा रोल मिळायचा. आणि हा निम्मा रोल असा उधळायचा! त्याच्या घराच्या भिंतीवर सगळीकडे तोच. कुठे नुसते पाय आणि सायकल, कुठे अर्धा कान आणि मागचं अख्खं देऊळ, कुठे मुंडकं गायब. आल्या-गेल्याला वाटायचं काय हा माणूस स्वतःवर खूश आहे. वहिनी म्हणायच्या, "बघावं तिकडे हेच, आणि एकाला मान असेल तर हराम!"

मी एकदा खडसावलं. "डॉक्टर, ही नासाडी आहे."

"नासाडी कसली हो?" तो म्हणाला. "ह्या खोक्यातून समोरचा माणूस किती येडा दिसतो ते एकदा बघितलं ना, की मग माणूस स्वतः दिसायला भीत नाही."

आणि मग त्यानं काढलेले त्या लोकांचे फोटो बघावेत! शेळीच्या कानात काहीतरी सांगणारी म्हातारी. हसू दाबता दाबता नाकपुड्या फुगलेला पाटील. माझ्या स्टुडिओत ही माणसं आली असती तर मी त्यांना कोट घालून, हनुवटी वर करून, तळ्यासमोर बसवलं असतं. आणि पेन्सिल फिरवली असती.

एकदा पाथर्डीकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला. वडील वारले होते. मुंडाशात जपून ठेवलेला आगपेटीपेक्षा थोडा मोठा फोटो काढून म्हणाला, "येवढा मोठा करून द्या." म्हाताऱ्याचा फोटो, कुणी काढलेला ते सांगायलाच नको, मला लांबूनच ओळखू आला. पण म्हातारा माझ्याही ओळखीचा निघाला. ह्याच मुलाच्या लग्नात मी त्याचा फोटो काढला होता. मी मोठ्या ऐटीत कपाटातून माझी प्लेट काढली, छाप दाखवला. "हा घ्या की. हा कसा भारदस्त आहे."

त्यानं दोन्ही शेजारी ठेवून बघितले. बराच वेळ बघितले. "न्हाई, ह्योच करा," म्हणाला. "ह्यात आमचा आबा हाय. तुमच्यातला कोन पाव्हना हाय, कळंना."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. डॉक्टरनं काढलेला तो फोटो मी माझ्या हातांनी मोठा केला. लाल उजेडात बशीमध्ये म्हातारा हळूहळू वर येत होता, बोळकं पसरून हसत होता, आणि मी शिव्या देत होतो. म्हाताऱ्याला नव्हे.

आता आईचं सांगतो, कारण खरी जळजळ तिथं आहे.

आई राहुरीच्या पुढे, मुळेकाठी आमच्या गावात, थोरल्या भावाकडे राहायची. धंद्यात नवा होतो तेव्हा मी वडिलांचा फोटो काढला होता. माझा पहिला चांगला फोटो. त्यानंतर महिन्याच्या आतच वडील गेले. आईनं त्या फोटोला हार घालून तो भिंतीला लावला आणि माझ्या कॅमेऱ्याशी वैर धरलं. "तुज्या डब्यानं एक मानूस नेलं. मला न्हाई त्याच्याम्होरं बसायचं."

दर दिवाळीला मी कॅमेऱ्याचं सगळं बिऱ्हाड घेऊन जायचो, तीन पायांचं तिकाटणं, काळं कापड, काचेच्या प्लेटा. ती चुलीकडे तोंड फिरवून बसायची. मी विनवायचो, रागवायचो, भावजयीला मध्ये घालायचो. खटका मात्र एकदाही दाबला नाही. पाठमोऱ्या बाईवर महागाची प्लेट कोण घालवतो? आज नाही तर पुढच्या खेपेला बसेल, असं म्हणून सगळं पुन्हा बांधायचो. दर खेपेला ती थोडी बारीक झालेली दिसायची. एकदा ती नगरला आली होती. जिन्याखाली मी माझे निवडक फोटो काचेत लावलेले होते. ती त्यांच्यापुढे थांबली आणि मला म्हणाली, "ही सारी अशी का बसल्यात रं? कुनाची मयत झालीया का?"

अशात एके दिवशी डॉक्टर हायपो घ्यायला आला आणि सहज म्हणाला, "उद्यापासून तुमच्या गावाकडची फेरी आहे."

माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. हा आईला भेटणार! मी तोंड वाकडं न करता म्हटलं, "आमच्या आईला विचारून बघा. मला नाही बसली, तुम्हाला कशाला बसते म्हणा."

"मी कुणाला विचारत नाही हो," तो म्हणाला. "जमलं तर बघू."

तो फेरीवर होता तेवढे दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आईचा फोटो मिळावा, असं मला जिवापासून वाटत होतं. आणि तो ह्याला मिळू नये, असंही तितकंच वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे ज्याला कुणाचा हेवा वाटला असेल त्यालाच कळेल. ती ह्याच्याकडे बघून हसली तर? भिंतीवर आई हसते आहे आणि खाली मी सांगतोय, हा अमक्यानं काढला. त्यापेक्षा भिंत रिकामी बरी!

तो परत आला तेव्हा मी कागद कापत बसल्याचं सोंग केलं. "भेटली का आई?"

"भेटल्या की! भाकरी खाऊ घातली, वर ताक. फार मजेच्या आहेत हो."

"फोटो?"

"नाही काढू दिला." त्यानं टोपडं काढून वारा घेतला. "म्हणाल्या, माज्या ल्योकाला बसले न्हाई, अन् तुमाला बसले तर त्याला काय वाटंल?"

काय सांगू तुम्हाला! मला उडी मारावीशी वाटली. आई माझी होती. अख्ख्या जिल्ह्यानं ह्याच्यापुढे दात काढले, पण माझी आई नाही! घरी जाताना मी जिलबी घेतली. बायकोनं विचारलं, "आज काय विशेष?" मी सगळं सांगितलं. ती पुडा सोडता सोडता थांबली.

"म्हणजे तुम्हाला तरी कुठं मिळाला फोटो?" ती म्हणाली.

जिलबी पोरांनी खाल्ली.

पौषात आई गेली. तापाचं निमित्त झालं. मी पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. थोरला भाऊ गळ्यात पडून रडला आणि मग म्हणाला, "आरं, साऱ्या जिल्ह्याचं फोटू काडतोस, आन् आईचा एक न्हाई?" कुणीतरी सुचवलं, आता भिंतीला टेकवून बसवू, काढ. तेव्हा तशी पद्धतच होती. मी नाही म्हटलं. ती जिवंतपणी बसली नाही, आता मी तिला जबरदस्तीनं बसवू? दिवसकार्य आटोपून नगरला आलो. वडिलांच्या त्याच फोटोचा एक छाप माझ्याही घरी होता, त्याच्या शेजारची जागा बघवेना म्हणून त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागलो.

डॉक्टर दौऱ्यावर होता, त्याला उशिरा कळलं. जिना चढून आला, समोर बसला. मग खिशातून एक पाकीट काढून त्यानं माझ्यापुढे ठेवलं.

म्हणजे ह्यानं काढला होता! आईचा फोटो काढला होता आणि माझ्यापासून लपवून ठेवला होता! इतका राग आला आणि इतका आनंद झाला की मी पाकिटाची कडच फाडली. आत तोच. आमच्या ओट्यावर मांडी घालून बसलेला, तोंड उघडं टाकून हसणारा, पडका दातसुद्धा दिसतोय.

"हा तुमचा फोटो आहे," मी म्हणालो.

"हो. तुमच्या आईंनी काढलाय. म्हटलं, तुमच्याकडे असावा."

दुखवट्याला आलेला माणूस स्वतःचा फोटो हातात देतो! आणि आईनं ह्याचा खोका हातात धरला. माझ्या कॅमेऱ्याला तिनं कधी बोट लावलं नाही, तो दिसला की पदर आवळून घ्यायची, आणि ह्याचा खोका तिनं पोटाशी धरला! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"एवढं हसायला काय झालं होतं?"

"त्या काहीतरी म्हणाल्या."

"काय म्हणाली?"

त्यानं कान खाजवला. छताकडे बघितलं. "आठवत नाही हो आता."

आठवत नाही! माझ्या आईनं ह्या माणसाला असं पोट धरून हसवलं, आणि हा विसरला! मी त्याच्या अंगावर धावून गेलो नाही एवढंच. माझा धंदा मदतीला आला. मी फोटोत खोड काढायला लागलो.

"तिरका आलाय. ओटा घसरतोय बघा. डावा गुडघा अर्धा कापलाय. आणि ही सावली! डॉक्टर, किती वेळा सांगितलं तुम्हाला, उतरत्या उन्हात असं ऊन पाठीशी देत जाऊ नका, काढणाऱ्याची सावली फोटोत येते, सगळा फोटो..."

आणि मी थांबलो.

अंगणातून ती सावली लांब पडली होती. लुगड्याचा घोळ. खोका पोटाशी धरल्यामुळे बाहेर आलेली दोन्ही कोपरं. खाली वाकलेलं डोकं, त्यावर पदर. आई पदर नेहमी डाव्या कानामागे खोचायची, त्याचं टोक जरा वर उभं राहायचं. ते टोकसुद्धा होतं. नाक नाही, डोळे नाहीत, पण साऱ्या तालुक्यातल्या बाया एका ओळीत उभ्या केल्या असत्या तरी मी तिला ओळखलं असतं.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाला. त्याला ती दिसलीच नव्हती. त्याच्या लेखी तो आपला आणखी एक येडा फोटो होता. मी त्याच्यासमोर ढसाढसा रडलो, आणि तोही, काही न कळता, माझ्याबरोबर रडला. जाताना निगेटिव्ह ठेवून गेला.

घरी बायकोनं फोटो डोळ्यांना लावला. मग वडिलांच्या शेजारी धरून बघितला आणि तिचा चेहरा पडला. "अहो, पण ह्याला हार कसा घालायचा? जिवंत माणूस बसलाय की ह्यात! डॉक्टरांच्या वहिनींनी पाहिलं तर काय म्हणतील?" थोडा विचार करून म्हणाली, "त्यांना कापून टाका ना तुम्ही. तेवढं तर येतं तुम्हाला."

ह्याहून गोड काम मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंधारखोलीत शिरलो, निगेटिव्ह मोठं करायच्या यंत्रात घातली आणि खाली पांढऱ्या कागदावर तो हसत पडला. हस लेका, म्हटलं, आता हस! वरून काळा पुठ्ठा सरकवत आणला. टोपडं गेलं. डोळे गेले. तो पडका दात गेला. मनाला केवढं बरं वाटलं! छाती गेली, पोट गेलं, आणि माझा हात थांबला.

आईची सावली अंगणात संपत नव्हती. ती ओट्यावर चढली होती. खांदे ओट्याच्या मातीवर होते आणि डोकं, ते पदराचं डोकं, त्याच्या मांडीवर होतं. मांडी कापली तर आईचं डोकं जात होतं. नुसती मांडी ठेवून पाहिली, तर खाकी विजारीवर काहीतरी सांडल्यासारखं दिसत होतं. पेन्सिल घेतली. ज्या पेन्सिलनं मी अर्ध्या नगरच्या सुरकुत्या घालवल्या, तिनं ह्या एका माणसाला घालवायला बसलो. त्याला जरा पुसलं की आईही पुसट व्हायची. माझ्याच्यानं झालं नाही. पुठ्ठा काढून घेतला आणि अख्खा मोठा केला, दातासकट.

पुढे त्याची खानदेशात बदली झाली आणि तो गेला. फोटो घरात लावता येत नव्हता, म्हणून मी तो स्टुडिओत लावला, तळ्याच्या पडद्याशेजारी, बसणाऱ्याला समोरच दिसेल असा. गिऱ्हाईक कोटाची बटणं लावता लावता त्याच्याकडे बघतं आणि आपोआप हसायला लागतं. मग विचारतं, "हे कोण हो? तुमचे वडील का?"

"नाही."

"मग तुमचे गुरू असतील!"

तिथं माझं डोकं फिरतं. "अहो, त्याच्या तोंडाकडे काय बघत बसलाय," मी म्हणतो. "मांडीवर बघा. ती माझी आई आहे."